बाकी दोनशे एकोणनव्वद

"चेहरा आहे का?" कुरिहारा-साननी विचारलं.

पद्मिनीनं चिमट्यात धरलेला माणूस खिडकीच्या उजेडात नेला. माणूस म्हणजे उंचीला दीड सेंटिमीटर. डोक्याला फडकं गुंडाळलेलं, पायांना चिंध्या, अंगावर कुणा बाईची शाल.

"आहे," ती म्हणाली. "डोळेपण आहेत. सर्दी झाल्यासारखा दिसतोय."

"मग बाहुली."

कुरिहारा-साननी यादीत टिक केली. एकटं राहून वारलेल्या माणसांची घरं रिकामी करून द्यायची, हा त्यांच्या कंपनीचा धंदा. कंपनी म्हणजे ते स्वतः, एक छोटा ट्रक आणि पार्टटाइमवर पद्मिनी. त्यांचे नियम एका वहीत लिहिलेले होते आणि वही कायम वरच्या खिशात असायची. जळणारा कचरा निळ्या पिशवीत, न जळणारा पांढऱ्या, काच वेगळी, बॅटरी वेगळी. आणि ज्या वस्तूला चेहरा आहे ती बाहुली. बाहुली कचऱ्यात जात नाही. ती देवळात जाते, तिथे मंत्र म्हणतात, मग रीतसर अग्नी देतात.

पद्मिनीला हे सगळं चार वर्षांत पाठ झालं होतं. जपानमधल्या उरायासुतल्या मराठी मंडळात कचऱ्याच्या बाबतीत तिचा शब्द अंतिम होता. नवीन आलेल्या बायका तिला फोन करून विचारायच्या, काकू, तुपाचा रिकामा डबा कशात? आणि पद्मिनी दुसऱ्याचं घर उपसता उपसता, खांद्यानं कानाशी मोबाइल दाबून सांगायची, आधी धू, मग झाकण वेगळं कर, गुरुवारी टाक.

पण असं घर तिनं कधी बघितलं नव्हतं.

चौथ्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट. मालकाचं नाव त्सुबोई-सान. आयुष्यभर एका बस कंपनीत वेळापत्रकं आखली, निवृत्त झाले आणि तेवीस दिवसांपूर्वी मासळीच्या दुकानात रांगेत उभे असताना, कुणाचाही नंबर न चुकवता, वारले. पहिल्या खोलीत एक गादी, एक किटली, एक कप. दुसऱ्या खोलीत रशिया.

दुसरा शब्दच नव्हता. भिंतीपासून भिंतीपर्यंत लाकडी टेबल, त्यावर बर्फ, मधून एक काळी नदी, नदीवर काड्यापेटीच्या काड्यांचे दोन अरुंद पूल. पलीकडच्या तीरावर हजारो माणसं पाठमोरी चाललेली. अलीकडच्या तीरावर शेकोट्या, उलटलेल्या गाड्या, मेलेले घोडे आणि शेकोट्यांभोवती बसून राहिलेली माणसं. लहानपणी सांगलीत दिवाळीच्या किल्ल्यावर पद्मिनीनं मातीचे मावळे मांडले होते, पण ते मावळे निदान लढायच्या तयारीत असायचे. इथे कुणाच्या हातात धड काठी नव्हती.

"युद्ध आहे ना हे?" तिनं विचारलं. "मग लढत का नाहीयेत?"

कुरिहारा-साननी टेबलाच्या कडेला ठेवलेली जाड वही उघडली आणि बसचं वेळापत्रक वाचावं तशा आवाजात वाचायला लागले. "अठराशे बारा, नोव्हेंबर. नेपोलियनची फौज मॉस्कोहून परत निघालेली. वाटेत बेरेझिना नदी. मागे रशियन. फौजेतले पूल बांधणारे कारागीर बर्फाच्या पाण्यात छातीपर्यंत उभे राहिले आणि दोन पूल बांधले. त्यातले बहुतेक नंतर वारले. फौज पलीकडे गेली. मागे राहिले ते भटके. सैनिक, बायका, पोरं, स्वयंपाकी. रात्री पूल रिकामे होते. जा म्हणून सांगितलं. पण शेकोटी सोडून कुणी उठेना. म्हणाले, सकाळी जाऊ."

"आणि सकाळी?"

"सकाळी रशियन जवळ आले. पूल जाळायचा हुकूम होता. पुलाचा अधिकारी ठरलेल्या वेळेनंतरही थांबून राहिला, अजून कुणी येईल म्हणून. मग जाळले."

"वेड्यासारखं!" पद्मिनी म्हणाली. "पूल रिकामा असताना बसून कसली राहतात माणसं?"

हे म्हणायचा तिला फारसा अधिकार नव्हता. तिच्या नवऱ्याचं, जयेशचं, तोयोसुतल्या ऑफिसातलं कॉन्ट्रॅक्ट या मार्चअखेर संपत होतं. चौदा वर्षांनी सगळं आवरून रविवारच्या विमानानं पुण्याला जायचं होतं. जाणार मात्र दोघंच. मुलीला, ओवीला, इथल्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता, ती हॉस्टेलवर राहणार होती. घरात दोन महिन्यांपासून तीन सुटकेसा तोंडं उघडून पडल्या होत्या आणि लोकांची घरं तीन दिवसांत चकाचक रिकामी करणाऱ्या पद्मिनीनं स्वतःच्या घरातला एक चमचा उचलून त्यात ठेवला नव्हता.

त्सुबोई-सानचं मृत्युपत्र किटलीखाली सापडलं. मृत्युपत्र म्हणजे म्हातारी माणसं मागच्यांसाठी सूचना लिहून ठेवतात ती छापील वही. बँक, विमा, अंत्यविधी, पाळीव प्राणी, सगळे रकाने कोरे. फक्त 'कुटुंबीयांना निरोप' या पानावर सुबक अक्षरात लिहिलं होतं: 'उरलेल्यांना पलीकडे न्यावे. दिवसाला एक नेतो आहे. एका वेळी एकच. जास्त पुलाला पेलणार नाहीत.' खाली शेवटची नोंद, मरणाच्या दिवसाची. 'बाकी ३१२.'

कुटुंबीयांत सापोरोला एक पुतणी होती. तिनं फोनवर तीन शब्दांत निरोप दिला होता. सगळं टाकून द्या. शुक्रवारी सकाळी नऊला टेबल कापायला माणसं येणार होती.

"किती खोके लागतील, मोजून घ्या," कुरिहारा-सान म्हणाले.

पद्मिनीनं अलीकडच्या तीरावरची माणसं मोजली. मग पुन्हा मोजली.

"दोनशे एकोणनव्वद."

"तीनशे बारा लिहिलंय."

"मला वाचता येतं, कुरिहारा-सान."

त्यांनी स्वतः मोजली. दोनशे एकोणनव्वद. मग त्यांनी खिशातला छोटा कॅल्क्युलेटर काढला, वजाबाकी केली आणि आलेला आकडा तिला दाखवला. तेवीस. पद्मिनीनं मनात दिवस मोजले. फ्लॅटला तेवीस दिवस कुलूप होतं, किल्ली घरमालकाच्या तिजोरीत.

कुरिहारा-साननी कॅल्क्युलेटर शून्यावर आणून खिशात ठेवला.

पाच वाजता काम संपलं. पद्मिनीनं बूट घातले, दिवा मालवला आणि दार ओढताना, तोंडाला लागलेल्या सवयीनं, अंधारलेल्या खोलीला म्हणाली, "येते हं."

कुरिहारा-सान जिन्यात थबकले. "काय म्हणालात?"

"काही नाही. आमच्यात निघताना 'जाते' म्हणत नाहीत. 'येते' म्हणायचं."

"म्हणजे परत येईन, असं सांगितलंत?"

"हो, म्हणजे, तसंच काहीतरी."

कुरिहारा-साननी खिशातली वही काढली, एक पान उघडलं आणि तिच्यासमोर धरलं. नियम क्रमांक तीन. मृताच्या घराला कसलंही वचन देऊ नये.

"अहो, पण उद्या यायचंच आहे ना आपल्याला?"

"यायचं आहे. सांगायचं नाही."

घरी आल्यावर जयेशनं लॅपटॉपवरून मान न उचलता विचारलं, "पद्मे, पॅकिंगचं स्टेटस काय?"

"चालू आहे."

"चालू म्हणजे किती परसेंट? शिपिंगवाले शनिवारी नऊला येतायत, रीशेड्यूल होणार नाही."

"तुझी ती मीटिंगमधली भाषा घरात नको हं."

"बरं, मराठीत विचारतो. एक तरी खोकं भरलंस का?"

पद्मिनीनं कुकर लावला. सोफ्यावर ओवी मोबाइलमध्ये डोकं घालून बसली होती. "ओवी, हॉस्टेलवर न्यायचं काय काय काढलंस?"

"बेत्सु नी," ओवी म्हणाली. विशेष काही नाही. गेली सहा वर्षं पोरगी आईच्या मराठी प्रश्नांना जपानीत उत्तरं देत होती आणि निम्म्या प्रश्नांना हेच एक.

दुसऱ्या दिवशी सकाळी पद्मिनीनं बूट काढायच्या आधी मोजलं.

दोनशे एकोणनव्वद.

"बघा," ती सुटकेनं म्हणाली. "कोणी हललं नाही. त्सुबोई-सानच मोजताना चुकले असतील."

कुरिहारा-सान हात मागे बांधून टेबलाकडे बघत राहिले. "तेवीस दिवस रोज एक गेला," ते म्हणाले. "काल तुम्ही येते म्हणालात. आज एकही नाही."

"मग?"

"मग काय. पाळी बदलली. आता ड्युटी तुमची."

पद्मिनी हसली. मग तिच्या लक्षात आलं की चार वर्षांत या माणसानं एकदाही विनोद केलेला नाही. खोलीत एकदम गार झालं होतं. खिडकी बंद होती आणि हीटरचा दिवा हिरवा होता.

"दिवसाला एक न्यायचा तर दहा महिने लागतील," ती म्हणाली. "आपल्याकडे परवा नऊपर्यंत वेळ आहे."

"एका वेळी एक, असं लिहिलंय. दिवसाला एकच, असं लिहिलेलं नाही. तो त्यांचा वेग होता." कुरिहारा-साननी घड्याळ बघितलं. "डब्याची सुट्टी एक तास. पाचनंतर तुमचा वेळ तुमचा. कामाच्या वेळेत चालणार नाही."

अशा रीतीनं पद्मिनी गोखले, वय सत्तेचाळीस, बी.कॉम., नेपोलियनच्या फौजेत पूल ओलांडून देण्याच्या कामावर बिनपगारी रुजू झाली.

काम सोपं नव्हतं. चिमट्यानं एकाला उचलायचं, पुलाच्या तोंडाशी उभं करायचं, मग बोटानं हळूहळू सरकवत पलीकडे. आधी तिनं सरळ उचलून पलीकडे ठेवायला सुरुवात केली होती. तीन माणसं ठेवून वळून बघितलं तर तिघंही आडवे पडलेले. उभे केले, पुन्हा पडले. अलीकडे आणून पुलावरून चालवत नेले, तेव्हा सरळ उभे राहिले. दोघांना एकदम सरकवून बघितलं तर काड्या अशा करकरल्या की तिनं श्वास रोखून एकाला मागे घेतलं. डबा बाजूला तसाच राहिला. बुधवार संपता संपता बाकी दोनशे तीन.

गुरुवारी तिच्या लक्षात आलं की ही माणसं फ्रान्सची नाहीत.

कपडे तिकडचे होते, चिंध्या तिकडच्या होत्या. पण एकाच्या पाठीवर पोस्टमनची झोळी होती. एकाच्या कानाला पेन्सिल, अगदी कोपऱ्यावरच्या कोनबिनी दुकानातल्या म्हाताऱ्या मॅनेजरसारखी. एक बाई कुत्र्याला कडेवर घेऊन उभी होती, आणि तसाच कुत्रा तसाच कडेवर घेणारी बाई पद्मिनीला रोज बसथांब्यावर दिसायची. अलीकडे काही दिसली नव्हती.

"कुरिहारा-सान, यांनी ओळखीची माणसं रंगवलीयत."

कुरिहारा-साननी जाड वही उलटली. मागच्या पानांवर प्रत्येकाची नोंद होती. क्रमांक, जागा, एखादी ओळ. 'क्र. ४०२. पोस्टमन. पावसात पत्र छातीशी धरून.' 'क्र. ६१७. पाच-चाळीसची बस. रोज धावत, रोज वेळेवर.'

पद्मिनीचा चिमटा शेवटच्या शेकोटीजवळ थांबला होता. तिथे एका ओंडक्यावर दोघी बसल्या होत्या. एक बाई, जाड शाल, आणि कपाळावर लाल रंगाचा टिपका. शेजारी पाठमोरी पोरगी, विस्तवात वाकून बघणारी, डोक्यावर पिवळी टोपी. जपानात पहिलीतल्या पोरांना देतात तसली.

"ही टिकली आहे," पद्मिनी म्हणाली.

कुरिहारा-सान भिंग घेऊन वाकले. "जखम असेल. युद्ध आहे."

"कपाळाच्या बरोबर मध्ये?"

त्यांनी वही चाळली, बोट एका ओळीवर ठेवलं. मग वाचलं. "क्र. ८८१ आणि ८८२. आई, मुलगी. बस चुकली. हसत होत्या."

बारा वर्षांपूर्वी ओवी पहिलीत होती. बस रोजच चुकायची. पद्मिनीला बस आठवली, छत्री आठवली, ओवीचा ओला मोजा आठवला. हसणं काही केल्या आठवेना. थांब्यासमोरच्या बसचौकीत वेळापत्रकाच्या टेबलापाशी कुणी बसायचं का, तेही आठवेना.

त्या दोघींना तिनं शेवटी न्यायचं ठरवलं.

शुक्रवारी सात वाजता कुरिहारा-सान किल्ली घेऊन दारात उभे होते. कामाच्या वेळेआधी दोन तास. त्यांच्या वहीत बसणारी ही गोष्ट नव्हती, म्हणून दोघांनीही त्याबद्दल काही म्हटलं नाही. बाकी एकसष्ट. पद्मिनीनं बाह्या सरसावल्या. साडेसातला जयेशचा फोन आला.

"कुठे आहेस तू? उद्या शिपिंग आहे!"

"पुलावर आहे. नंतर करते."

"कुठल्या पुलावर? पद्मे, अगं, बरी आहेस ना?"

तिनं फोन उपडा ठेवला. स्वयंपाकी गेला, ढोलवाला गेला, कुत्र्याची बाई गेली. नऊला दहा मिनिटं कमी असताना जिन्यात जड बूट वाजले. करवत घेतलेली दोन धिप्पाड पोरं दारात आली. बाकी सोळा.

कुरिहारा-साननी घड्याळ बघितलं. एकोणीस वर्षांच्या धंद्यात त्यांनी एकही घर मिनिटभर उशिरा दिलं नव्हतं. तसं त्यांच्या व्हिजिटिंग कार्डावर छापलेलं होतं. ते दाराशी जाऊन उभे राहिले, अगदी उंबऱ्यावर, पाय फाकवून.

"खाली जा. सिगारेट ओढून या."

"आम्ही सिगारेट ओढत नाही," एक पोरगा म्हणाला.

"मग शिका," कुरिहारा-सान म्हणाले आणि दार लावून घेतलं.

नऊ वाजले. सव्वानऊ वाजले. खाली ट्रकचा हॉर्न दोनदा वाजला. पद्मिनीचं बोट बधिर झालं होतं, जणू खरंच बर्फात. नऊ पंचवीसला दोन उरल्या.

तिनं आधी पोरीला चिमट्यात धरलं. पोरगी उठेना. जरा ओढलं. ओंडक्याला चिकटवलेली होती आणि ओंडका टेबलाला. एवढ्या हजारांत ही एकच. आई मात्र मोकळी होती, नुसती टेकलेली.

"ही येत नाही," पद्मिनी म्हणाली.

"असे काही होते," कुरिहारा-सान दाराशी उभे राहूनच म्हणाले. "त्या वेळीही."

"मग हिला एकटीला कशी नेऊ? पोरीला सोडून?"

या प्रश्नाला नियम नव्हता. कुरिहारा-साननी खिशाकडे हात नेला आणि तसाच खाली घेतला.

पद्मिनीनं आईला उचलून पुलाच्या तोंडाशी ठेवलं. मग एक बोट, फार हळू. काड्या करकरल्या नाहीत. मधोमध पोचल्यावर तिला वाटलं की बोटाखालचं ओझं वाढलंय, बोटानं ढकलायच्या ऐवजी ओढावं लागतंय. पलीकडे सगळी हजारो माणसं पाठमोरी होती. तिनं क्रमांक आठशे एक्याऐंशीला सगळ्यांच्या मागे उभं केलं आणि तोंड नदीकडे फिरवून ठेवलं. ती पडली नाही.

कुरिहारा-साननी जाड वहीत लिहिलं, 'बाकी १', आणि खाली आपला शिक्का उमटवला. मग दार उघडलं.

पोरांनी आधी पूल उचलले. माणसं खोक्यांत गेली, खोकी देवळात जायला निघाली. अग्नीत त्या टिकलीवालीचं, म्हणजे आपलं, काय होणार हे पद्मिनीनं विचारलं नाही. करवत तिसऱ्या फळीवर आली तशी तो ओंडका निखळून जमिनीवर पडला, पिवळ्या टोपीसकट. कुरिहारा-साननी उचलला. नियमाप्रमाणे खोक्यात टाकायचा.

"चेहरा आहे का?" त्यांनी विचारलं.

पद्मिनीनं तो खिडकीशी नेला. पोरगी इतकी वाकली होती की टोपीखाली काहीच दिसत नव्हतं.

"दिसत नाही."

"मग बाहुली नाही," कुरिहारा-सान म्हणाले आणि यादीकडे वळले. "कुठे टाकायचं ते तुम्ही बघा."

निघताना तिनं रिकाम्या खोलीकडे बघितलं. तोंड उघडलं, मिटलं, आणि काही न बोलता दार ओढून घेतलं.

त्या संध्याकाळी पद्मिनीनं तीन सुटकेसा आणि अकरा खोकी चार तासांत भरली. जयेश खुर्चीवर पाय वर घेऊन बघत बसला. "हे तू आधी का नाही केलंस?" त्यानं विचारलं. "शेकत बसले होते," ती म्हणाली. रविवारी विमानतळावर तिनं ओवीच्या हातात ओंडका दिला. ओवीनं तो उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, "कोरे, दारे?" ही कोण?

"बस चुकलेली मुलगी," पद्मिनी म्हणाली. "खिडकीत ठेव. येते हं."

पुण्यातल्या सकाळी तिकडे दुपार असते. दर रविवारी नाश्ता झाला की पद्मिनी व्हिडिओ कॉल लावायची. पहिल्या रविवारी ओंडका ओवीच्या मागे खिडकीच्या डाव्या कोपऱ्यात होता, पेन्सिलींच्या डब्याला टेकून. दुसऱ्या रविवारी डब्यापासून चार बोटं लांब. तिसऱ्या रविवारी मधल्या कुंडीच्या पलीकडे. पाचव्या रविवारी पद्मिनीनं ऑफिसच्या गप्पा मारणाऱ्या जयेशला हातानं थांबवलं आणि स्क्रीनच्या जवळ सरकली.

"ओवी, ती पोरगी तू हलवतेस का?"

ओवीनं मागे वळून बघितलं. आणि मराठीत म्हणाली, "नाही ग आई. रोज थोडी सरकते. ओंडक्यासकट. मी आधी उचलून परत ठेवायचे. आता नाही ठेवत."

खिडकीच्या उजव्या कडेला कडी होती. कडीपर्यंत बोटभर अंतर राहिलं होतं.

"खिडकी उघडी ठेवत जा," पद्मिनी म्हणाली.

"गार वारा येतो ग. किती उघडी ठेवू?"

"थोडीशीच," पद्मिनी म्हणाली. "दीड सेंटिमीटर."